सहाचे चौदा कसे झाले

बोटं आपटण्याच्या प्रयोगाचा एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन) डेटा हातात होता. सवयीने आधी साधं त्रिमितीय स्मूदिंग (प्रत्येक बिंदूची किंमत शेजाऱ्यांत मिसळून गुळगुळीत करणं) केलं, 6 मिलिमीटरचं. नकाशा सुबक आला, पण सेंट्रल सल्कस या मेंदूवरच्या खोल घळीच्या पुढच्या भिंतीवरचा हालचालीचा भाग आणि मागच्या भिंतीवरचा स्पर्शाचा भाग मिळून एकच लाल डाग! या दोन भिंती समोरासमोर, जवळजवळ चिकटलेल्या. कॉर्टेक्सवरूनच, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावरूनच, जायचं तर मात्र तळाशी उतरून पुन्हा वर चढावं लागतं. व्हॉक्सेलला (त्रिमितीय चित्राच्या छोट्या ठोकळ्याला) हा फेरा कळत नाही, तो सरळ पलीकडे उडी मारतो.

म्हणून पृष्ठभागावर स्मूदिंग करायचं ठरवलं. फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने कॉर्टेक्सचा पृष्ठभाग बांधायला कित्येक तास घेतले. मग एफएमआरआय त्यावर नीट बसतोय ना, हे डोळ्यांनी तपासलं (हे टाळू नका, इथे चूक राहिली की पुढचं सगळं फुकट). डेटा व्हर्टेक्सवर (पृष्ठभागाच्या जाळीतल्या बिंदूंवर) उतरवला आणि वर्कबेंच या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या स्मूदिंगच्या कमांडला 6 हा आकडा दिला.

डाग आणखी पसरला. पृष्ठभागावर करून उलट बिघडलं कसं? दोन दिवस मी सल्कसलाच दोष देत होतो. शेवटी एक खेळ केला: सगळ्या व्हर्टेक्सवर शून्य, फक्त एकावर 1. तेच स्मूदिंग चालवलं आणि किंमत शिखराच्या निम्म्यावर कुठे येते ते पृष्ठभागावरच्या अंतराने मोजलं. आरपार रुंदी सुमारे 14 मिलिमीटर!

मग उजेड पडला. फ्रीसर्फर निम्म्या उंचीवरची रुंदी मागतो, म्हणजे एफडब्ल्यूएचएम. वर्कबेंच, वेगळं सांगितलं नाही तर, सिग्मा (प्रमाण विचलन) समजतो. रुंदी म्हणजे सिग्माच्या 2.355 पट, म्हणून माझ्या 6 चे झाले 14.1. द्यायला हवे होते 2.55.

आकडा बदलून चालवलं तेव्हा सल्कसच्या दोन बाजूंना दोन पट्टे वेगळे दिसले. स्पर्शाचा पट्टा थोडा फिका आहे, पण आहे. मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या आतल्या बाजूला, जिथे कॉर्टेक्सच नाही, तिथले शून्य आत झिरपत होते. तेवढा भाग वगळणारा मास्क दिल्यावर तेही थांबलं. स्क्रिप्टमध्ये ‘स्मूद’ नावाचं व्हेरिएबल होतं, त्याचं नाव आता ‘सिग्मा_मिमी’ केलंय.