कुठून आलं ते बघा!

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटचा तास विज्ञानाचा, आणि त्या तासाला बाई पुस्तक उघडत नसत. आठवडाभरात घरात, रानात, नदीवर जे काही पाहून प्रश्न पडला असेल, तो विचारायचा. आठवी ते दहावी, म्हणजे 1984 ते 1987, आमच्या तुकडीला हा तास मिळाला. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही. स्नेहसंमेलनं, कबड्डीचे सामने, प्रभातफेऱ्या यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मी या तासाबद्दल लिहितो, कारण ज्या कामात माझा जन्म गेला त्याची सुरुवात तिथे आहे.

प्रश्न अगदी घरगुती असायचे. केस कापताना दुखत नाही, मग ओढल्यावर का दुखतं? खुडूक बसलेली कोंबडी सारखी अंडी का फिरवते? फाटकाजवळच्या पर्जन्यवृक्षाची पानं तिन्हीसांजेला का मिटतात? काहींची उत्तरं दोन वाक्यांत संपायची. केसाला नसा नाहीत, त्याच्या मुळाला आहेत. अंडं एकाच अंगावर राहिलं तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो आणि मरतो. पण काही प्रश्न महिनाभर पुरायचे, आणि त्यांतला पहिला उंबराचा.

शाळेमागे कृष्णेकडे उतरणाऱ्या वाटेवर तो उंबर आहे. पार, दत्ताच्या पादुका, गुरुवारची आरती, सगळं आजही तसंच आहे. मधल्या सुट्टीत आम्ही पिकलेली उंबरं वेचायचो. फोडायचं, फुंकर मारून केंबरं उडवायची आणि तोंडात टाकायचं. एका मुलीनं विचारलं, “बाई, फळाला कुठं भोक दिसत नाही, मग आत एवढी केंबरं येतात कुठून?” सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, “आपोआप होतात!” घरीदारी तेच ऐकलेलं. उंबराला फूल येत नाही, आलंच तर मध्यरात्री येतं आणि ते कुणाला दिसत नाही, हेही आम्हांला ठाऊक होतं.

‘आपोआप’ ऐकलं की बाई हातातला खडू खाली ठेवायच्या. “आपोआप काही होत नाही. कुठून आलं ते बघा.”

बाई आम्हांला घेऊन पारावर गेल्या. आधी पादुकांवर डोकं टेकवलं, मग एका मुलाला फांदीवर चढवून लहानमोठी उंबरं काढवून घेतली. फरशीच्या तुकड्यावर दाढीच्या पात्यानं एकेक उंबर उभं चिरलं आणि भिंग आमच्या हातात दिलं. कोवळ्या हिरव्या उंबराच्या आत, सालीच्या आतल्या अंगाला, दाटीवाटीनं शेकडो बारीक फुलं होती. आत तोंड करून फुललेली. मध्यरात्रीची वाट बघायची गरज नव्हती, भर दुपारी ती आमच्यासमोर होती.

मग बाईंनी उंबराचं टोक दाखवलं. तिथे खवल्यांनी झाकलेली एक अरुंद वाट असते. त्या खवल्यांत सुईच्या टोकानं चाचपताना एक पारदर्शक पंख निघाला, तुटलेला. आणि आत, फुलांच्या मधल्या पोकळीत, त्या पंखाची मालकीण मरून पडलेली होती. जेमतेम दोन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी.

तिचं पूर्ण नाव मला पुढे कळलं, सेराटोसोलेन फुसिसेप्स. उंबराचं परागीकरण हीच करते. दुसऱ्या उंबरातून परागकण घेऊन ती येते, वाटेत पंख तुटतात, आत शिरल्यावर ती काही फुलांत अंडी घालते, परागकण फुलांना लागतात आणि ती तिथेच मरते. जिथे अंडं पडलं त्या फुलाची गाठ बनते आणि गाठीत अळी वाढते. बाकीच्या फुलांत बी धरतं. आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्या अजून गाठीत असतानाच त्यांचं मीलन होतं, मग नर सालीतून बाहेर जायची वाट कुरतडतात. बहुतेकांचं आयुष्य उजेड न पाहताच संपतं. माद्या परागकण घेऊन त्या वाटेनं उडतात. त्यांच्या हातात एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात कोवळी उंबरं धरलेलं दुसरं झाड गाठायचं. जगात वड-पिंपळ-उंबराच्या कुळात साडेसातशेहून अधिक जाती आहेत, आणि बहुतेक प्रत्येकीची स्वतःची वेगळी माशी आहे. वडाची माशी उंबराला चालत नाही.

पण हे सगळं बाईंनी त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, “माशी बाहेरून येते हे खरं मानायचं, तर आपण तिला येऊच दिलं नाही तर काय होईल?” एका घोसाला, उंबरं मिरीएवढी असतानाच, मलमलच्या कापडाची पिशवी बांधली. शेजारचा घोस उघडा ठेवला. आम्ही रोज जाऊन बघायचो. पुढे उघडा घोस फुगून लाल झाला, फोडला तर केंबरं. पिशवीतली उंबरं मात्र पिकलीच नाहीत, पिवळट पडून एकेक करत गळून पिशवीच्या तळाशी साठली. चिरून पाहिली, आत एकही किडा नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी बाईंनी फ्रान्चेस्को रेदीची गोष्ट सांगितली. इटलीतला हा वैद्य. सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात असं तेव्हा सगळे मानत. 1668 मध्ये त्यानं मांसाचे तुकडे बरण्यांत ठेवले, काही उघड्या, काही जाळीदार कापड बांधलेल्या. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत झाल्या. झाकलेल्यांवर माश्यांनी कापडावरच अंडी घातली. आपण बांधलेली पिशवी म्हणजे रेदीचंच कापड, हे लक्षात आल्यावर वर्गात जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो.

एक गोष्ट मी पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचली आणि फार आवडली. एवढा मोठा प्रयोग करणारा रेदी, पण झाडांवरच्या गाठींत जे किडे सापडतात ते झाडापासूनच उत्पन्न होतात, असं त्यालाही वाटत होतं. ते कोडं माल्पिघी आणि वालिस्नेरी या इटलीतल्याच शास्त्रज्ञांनी पुढे सोडवलं. उंबरातल्या गाठी हे त्याच जातीचं कोडं. म्हणजे आमच्या बाईंनी कृष्णाकाठच्या पारावर आठवीतल्या पोरांना जे दाखवलं, ते रेदीच्याही नजरेतून सुटलं होतं.

दुसरा मोठा प्रश्न माझ्या वर्गमित्राचा. त्याच्या घरी पंढरपुरी म्हशी होत्या, तलवारीसारख्या लांब शिंगांच्या. “म्हस हिरवं खाती, मग दूध पांढरं कसं?” कुणी हसलं नाही. त्या तासाला हसायची चालच नव्हती. बाईंनी गायीचं तूप आणि म्हशीचं तूप दोन वाट्यांत मागवलं. गायीचं पिवळसर, म्हशीचं पांढरं, हे सगळ्यांना माहीत, पण शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. गवतात हिरव्याबरोबर पिवळा रंगही असतो, कॅरोटीन. ते स्निग्धात विरघळतं. गायीच्या अंगात त्यातलं काही तसंच राहून दुधातल्या स्निग्धात उतरतं. म्हैस जवळजवळ सगळ्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, त्याला रंग नाही. आणि दुधाचा पांढरेपणा हा कुठल्या रंगद्रव्याचा नाहीच. केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म कण आणि स्निग्धाचे थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं.

“पण गवताचं दूध होतं कुठं?” या पुढच्या प्रश्नाला बाई आम्हांला गोठ्यावरच घेऊन गेल्या. म्हैस बसून रवंथ करत होती. तिला उठवून बाईंनी माझी मूठ तिच्या डाव्या कुशीच्या खळग्यात दाबून धरली. “थांब जरा.” थोड्या वेळानं आतून मोठं काहीतरी उठलं आणि माझी मूठ वर ढकलली गेली. झोपलेल्या माणसानं गोधडीखाली कूस बदलावी तसं. ते तिचं पहिलं पोट, रुमेन. शंभर लिटरहून जास्त मावेल एवढं. गवतातला सेल्युलोज पचवायचं रसायन म्हशीपाशी नाही. या पोटात राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव ते काम करतात आणि त्यातून निघणारी आम्लं पोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. दूध कासेत होतं, रक्तातून. एक लिटर दुधासाठी सुमारे 400 ते 500 लिटर रक्त कासेतून फिरतं. हा आकडा ऐकल्यावर माझा तो मित्र धार काढायला बसण्याआधी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

रुमेन मिनिटाला एक-दोनदा हलतं की नाही, हे आजही मी जनावर तपासताना तसंच मूठ ठेवून बघतो. स्टेथोस्कोप गळ्यात असतो, तरी आधी मूठ.

बाईंना सगळं येत होतं असं नाही, आणि ते त्या लपवत नसत. पावसाळा सरल्यावर आम्ही नदीत पोहायचो. एकानं विचारलं, “पाण्यात बसून बोटांना सुरकुत्या पडतात, मग पोटाला आणि पाठीला का नाही? तेबी भिजतंयच की.” बाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही.” प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिला आणि भोवती चौकट काढली. आम्ही दहावी होऊन बाहेर पडलो तेव्हाही ती चौकट तिथे होती. फळा पुसणारा प्रत्येक मुलगा तेवढी जागा सोडून पुसायचा.

उत्तर माझ्या वाचनात फार उशिरा आलं. त्वचा पाणी पिऊन फुगते एवढंच कारण असतं तर बोटाचा मज्जातंतू तुटलेल्या माणसालाही सुरकुत्या पडायला हव्या होत्या. त्या पडत नाहीत, हे डॉक्टरांनी 1930 च्या दशकातच नोंदवलं आहे. म्हणजे हे काम मज्जातंतूंचं. बोटांच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतलं मांस थोडं कमी होतं आणि वरची कातडी आत ओढली जाते. उपयोग काय, यावर 2013 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी लोकांना पाण्यातल्या गोट्या उचलायला लावल्या. सुरकुतलेल्या बोटांनी ते काम लवकर झालं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एका गटाला मात्र असा काही फायदा दिसला नाही. मी बाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. त्या तेव्हा निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडे राहत होत्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “दोन्हीकडे गोट्या सारख्याच आकाराच्या होत्या का रे?”

नोकरीत मला ‘आपोआप’ रोज भेटतं. “डॉक्टर, जखम चिघळली आणि आपोआप अळ्या पडल्या.” मी जखम धुतो, औषध भरतो, आणि मालकाला माशी कशी बसते, अंडी कुठे घालते ते दाखवतो. आधी जखम झाकली असती तर काय झालं असतं, हे त्याला स्वतःलाच समजतं. एका वस्तीवर दर वर्षी म्हशी खंगत होत्या. जबड्याखाली पाणी उतरायचं, दूध आटायचं. घरातल्या आजी म्हणाल्या, “जागाच वंगाळ हाय, आपोआप धरतं.” मी विचारलं, “आजी, जनावरं पाणी कुठं पितात?” वस्तीच्या खालच्या अंगाला तळं होतं. काठच्या ओल्या गवतावर बारीक गोगलगायी चिकटलेल्या होत्या. शेण तपासलं, त्यात यकृतातल्या चपट्या कृमींची अंडी निघाली.

तळ्यातल्या गोगलगायी बाटलीतून दवाखान्यात आणल्या, आणि आजींना बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. गोगलगायीतून बाहेर पडलेली शेपटीवाली पिल्लं पाण्यात वळवळत होती. हीच गवताला चिकटून कवच धरतात, गवताबरोबर म्हशीच्या पोटात जातात आणि तिथून यकृत गाठतात. म्हशीच्या शेणातून अंडी परत तळ्यात. आजी बराच वेळ डोळा हलवेनात. मग म्हणाल्या, “म्हंजी आमीच दर साली घालतोय की त्यांना.” जनावरांना औषध दिलं, तळ्याच्या काठाला काटेरी कुंपण घातलं, पाणी हौदात आणून पाजायला सुरुवात केली. कुंपणाचा आग्रह सगळ्यांत जास्त आजींचाच होता.

शाळेत आमच्या वेळी एकच सूक्ष्मदर्शक होता. तो कुलपात असायचा आणि तपासणीला साहेब आले की बाहेर यायचा. बाईंनी त्याची किल्ली मागून घेतली आणि शनिवारी तो वर्गात आणायला लागल्या. कांद्याचा पापुद्रा, डबक्याचं पाणी, उंबरातल्या माशीचा पंख, सगळं आम्ही त्याखाली पाहिलं. सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची 1987 ची तुकडी शाळेला चार नवे सूक्ष्मदर्शक आणि प्रत्येक वर्गासाठी भिंगं देत आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती केली आहे, ती इथेही लिहितो. ही उपकरणं वर्गातच उघड्यावर राहू द्यावीत. एखादं फुटलं तर आम्हांला कळवावं, आम्ही दुसरं पाठवू.