आईच्या गळ्यातली नळी आणि सक्शन शिकतानाचा माझा अनुभव

पक्षाघातानंतर आई बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती. तोंडातून घातलेली नळी फार काळ ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला पुढून छिद्र पाडून थेट श्वासनळीत नळी बसवली. पुढे व्हेंटिलेटर सुटला, पण तिला नीट गिळता येत नव्हतं आणि खोकल्यात जोर नव्हता. कफ सक्शननेच, म्हणजे मशीनच्या ओढीने बारीक नळीतून खेचून, काढावा लागणार होता. घरी न्यायचं तर घरातल्या कुणीतरी हे शिकणं भाग होतं, आणि ते मी शिकलो.

मनात भीती होती, त्याला कारणही होतं. आयसीयूत असताना आईला न्यूमोनिया झाला होता. व्हेंटिलेटर लागून ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो, त्यातलाच हा. कल्चरच्या, म्हणजे कफातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू आला, आणि त्याच्यावर नेहमीची बरीचशी अँटिबायोटिक्स चालत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात मी वाचलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० जणांमागे साधारण १५ जणांना, आणि श्रीमंत देशांतही ७ जणांना, तिथेच काहीतरी संसर्ग होतो. आई त्या १५ मधली एक होती. ती परत त्यात जाऊ नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मला शिकवणाऱ्या सिस्टरांनी मशीनला हातच लावू दिला नाही. "दादा, आधी हात," म्हणाल्या. नाकातून जाणारी हवा गाळली जाते, ओलसर होते, कोमट होते. गळ्यातल्या नळीमुळे नाक वगळलं जातं आणि फुफ्फुसापर्यंतचा रस्ता उघडा पडतो. त्या रस्त्यावर आपण कॅथेटर, म्हणजे कफ ओढणारी बारीक लवचिक नळी, घालणार, आणि कॅथेटर धरणार आपला हात. म्हणून साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, किंवा हात मळलेले दिसत नसतील तर हँडरब (हातांना चोळायचं जंतुनाशक) लावून तो सुकेपर्यंत २० ते ३० सेकंद. ग्लोव्हज घालण्याआधीही आणि काढल्यावरही. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायची गरज नाही, असं अनेक नातेवाईक धरून चालतात. ग्लोव्हजला बारीक छिद्रं असू शकतात, आणि ते काढताना बोटांना घाण लागतेच.

याहून अवघड होतं दुसऱ्याला हात धुवायला सांगणं. शेजारच्या पेशंटला तपासून कुणी थेट आईच्या नळीकडे हात नेला की मी म्हणायचो, "सर, हँडरब इथे आहे." मोठ्या माणसाला असं बोलताना जीभ अडखळायची. पण बहुतेकांनी राग न मानता हात पुढे केले. नातेवाईकांनी हे बोलावं असं मला मनापासून वाटतं. बेडवरचा माणूस बोलू शकत नाही, विशेषतः गळ्यात नळी असेल तर.

मग सक्शन कधी करायचं हे शिकलो. दर दोन तासांनी, असं घड्याळ लावून करायचं नाही. श्वासात खरखर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी कफ दिसला, ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला, किंवा आई अस्वस्थ झाली तरच. त्याआधी तिला खोकायला सांगायचं, कारण जे खोकल्याने निघतं त्यासाठी कॅथेटर कशाला? प्रत्येक सक्शनने श्वासनळीचं अस्तर थोडं खरचटतं, ऑक्सिजन घसरतो, कधी व्हेगस नस (हृदयाची गती मंदावणारी मज्जातंतूची नस) चेतवली जाऊन नाडी मंदावते. खरचटलेल्या अस्तरावर जंतूंना जागा मिळते. "जास्त वेळा केलं म्हणजे जास्त स्वच्छ" हा समज मला घातक वाटतो.

प्रत्यक्ष कृतीत मला सर्वांत जपावा लागला तो हातांचा हिशेब. उजवा हात फक्त कॅथेटरला, डावा बाकी सगळ्याला. डाव्याने मशीन चालू करायचं, ट्यूब धरायची, ऑक्सिजन बाजूला करायचा. उजवा चादरीला जरी लागला तरी ग्लोव्ह बदलायचा. मशीनचा दाब ट्यूबचं टोक अंगठ्याने बंद करून पाहायचा. आम्हाला ८० ते १२० मिलिमीटर पारा ठेवायला सांगितलं होतं, आणि १५० च्या वर कधीच नाही. कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर सक्शन चालू असताना हवेला वाट उरत नाही. आईची नळी ८ मिलिमीटरची, म्हणून १२ नंबरचा, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचा, कॅथेटर. किती आत घालायचा हे सिस्टरांनी त्याच मापाच्या सुट्या नळीवर मोजून दाखवलं, म्हणजे टोक नळीबाहेर जेमतेम येईल इतकाच. आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना चालू, आणि सगळं मिळून १० ते १५ सेकंदांत. मी स्वतःचा श्वास रोखून धरायचो. मला गुदमरायला लागलं की कळायचं, तिलाही वेळ झाली. कफ घट्ट असला तरी नळीत सलाईन ओतायचं नाही, हेही बजावलं होतं. त्याने वरचे जंतू खाली ढकलले जाऊ शकतात. कफ पातळ राहायला नळीला हवा ओलसर ठेवणारा फिल्टर लावला होता, त्याला सगळे कृत्रिम नाक म्हणत.

श्वासनळी आधी, तोंड नंतर, हा क्रम कधीच उलटायचा नाही. तोंडात गेलेला कॅथेटर पुन्हा नळीत नाही. आणि तोंडाकडे लक्ष देणं हे उपचारच आहेत. लाळ घशात साचून नळीच्या फुग्यावर (श्वासनळीत नळीभोवती हवा भरून फुगवलेल्या भागावर) जमते आणि कडेने खाली झिरपते. म्हणून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी, आणि रोज ब्रशने दात घासणं. सगळ्यांचं लक्ष मशीनवर असतं, दात मात्र राहून जातात.

आयसीयूत व्हेंटिलेटर न सोडवता प्लास्टिकच्या आवरणातून सक्शन करायची बंद पद्धत मी पाहिली होती. तिने न्यूमोनिया टळला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तिचा फायदा ऑक्सिजन आणि फुफ्फुसातला दाब टिकण्यात आहे, उडणारे थेंबही कमी होतात, पण न्यूमोनिया कमी होतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. या सरळ उत्तराने मला बरं वाटलं.

मशीनची निगा हा कंटाळवाणा भाग, पण टाळता न येणारा. ओढलेला कफ साचतो ती बाटली दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी करायची. मास्क आणि चष्मा लावून, कारण शिंतोडे उडतात. मग साबणाने घासून, हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) द्रावणात ठरलेला वेळ ठेवून, धुऊन, पूर्ण वाळवायची. बाटली आणि पंपाच्या मध्ये एक छोटा फिल्टर असतो. तो जंतू पंपात आणि खोलीच्या हवेत जाऊ देत नाही. तो ओला झाला की ओढ कमी होते, आणि माणसं मोटर बिघडली म्हणून धावपळ करतात. त्याचे सुटे नग जवळ हवेत. ट्यूब धुवायचं पाणीही वाटीत दिवसभर ठेवायचं नाही. साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनास हा जंतू सुखाने वाढतो.

रुग्णालयात दर वेळी नवा निर्जंतुक कॅथेटर वापरतात. घरी काही टीम स्वच्छ करून पुन्हा वापरायला परवानगी देतात, पण आमच्या डॉक्टरांनी आईच्या आधीच्या संसर्गामुळे नवाच वापरायला सांगितला. हे आपापल्या टीमला विचारूनच ठरवावं.

डिस्चार्जआधी आम्ही सामान जमवलं. त्याच मापाची एक नळी आणि एक नंबर लहान नळी, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), आणि वीज गेली तर पायाने चालणारा सक्शन पंप. कॅथेटर आत जातच नसेल तर जोर न लावता आधी आतली नळी (मुख्य नळीच्या आत बसणारी, काढता येणारी) काढून पाहायची, बहुतेकदा ती कफाने बुजलेली असते. कफाचा रंग बदलला, वास आला, रक्त दिसलं, ताप आला किंवा सक्शनची गरज एकदम वाढली तर लगेच फोन करायचा. सिस्टरांनी माझ्या बहिणीलाही शिकवलं आणि दोघांकडून सगळी कृती एकेकट्याने करून घेतली, कारण एकच माणूस रोज रात्री जागू शकत नाही. त्यानंतरच त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर सही केली.