जिनं दुकान बुडवलं, तिचीच ओटी

साडी मापून होईपर्यंत गिऱ्हाईक इकडंतिकडं बघतं. आमच्या फॉल-पिकोच्या दुकानाच्या भिंतीवर तेलरंगाची एक रेघ आहे, शेजारी '२००५' लिहिलंय. तिच्या बऱ्याच वर दुसरी रेघ, '२०१९'. दोन्ही पुराच्या पाण्याच्या खुणा. मागच्या खोलीतून आमच्या ह्यांचा हरिपाठ ऐकू येत असतो. दोन्हीकडं बघून-ऐकून झालं की प्रश्न येतो. "काकू, एवढं सगळं होऊन तुम्ही देवाचे आभार कसे मानता? राग नाही येत?" ज्यांना गल्लीतून बातमी लागलेली असते त्या पुढचंही विचारतात, "पाणी उतरल्यावर कृष्णेची ओटी भरायला गेला होता म्हणे. जिनं दुकान बुडवलं तिचीच?"

हो, तिचीच. एरवी मी "चालायचंच" म्हणते आणि साडीची घडी घालते, कारण हे उत्तर फॉल लावता लावता सांगण्याएवढं लहान नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज मशीन बंद करून लिहायला बसले.

आधी ह्यांचं सांगते. सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात हे तीस वर्षं दिवाणजी होते. दिवसभर बोलणं हाच धंदा. सौद्याचा भाव, पोत्याची घट, हुंडेकऱ्याची कुरकुर, सगळं घरी येऊन परत एकदा साग्रसंगीत सांगायचे. २०१६ च्या मार्गशीर्षात एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं सगळं गेलं. समजायचं सगळं, पण 'पाणी' म्हणायचं तर ओठ नुसते हलायचे.

साधारण तीन आठवड्यांनी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी दिवा लावून 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' म्हणत होत्या. दुसऱ्या ओळीला खाटेवरून आवाज आला. "तेणें मुक्ति चारी साधियेल्या." स्पष्ट, चालीवर. आत्याबाईंच्या हातातली काडी विझली तरी त्यांना कळलं नाही. आम्हाला वाटलं, वाचा परत आली. धावत जाऊन विचारलं, "चहा पाहिजे?" तर परत नुसते ओठ.

स्पीच थेरपीच्या बाईंनी नंतर नीट समजावलं. ह्याला वाचाघात म्हणतात. विचार करून नवं वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते, ती बिघडली. पण लहानपणापासून हजारदा म्हटलेलं, चालीत बसलेलं, ते वेगळ्या वाटेनं येतं. त्यामुळं अशा कित्येक पेशंटांना गाणी येतात, पाढे येतात, वारांची नावं ओळीनं येतात. "आणि शिव्या येतात," असंही बाई म्हणाल्या. ते आम्हाला ठाऊकच होतं. ह्यांची एक पेटंट शिवी, अडत दुकानातली, शाबूत होती. तेव्हा माझ्या नवऱ्याकडं त्या दिवसापासून दोन गोष्टी आहेत, एक शिवी आणि एक हरिपाठ. मधलं काहीच नाही. "माझंच का असं झालं" हे म्हणायला लागतात ते शब्द त्यांच्याकडं उरलेच नाहीत. यात चमत्कार नाही, मेंदूची रचना आहे, हे मला बाईंनी सांगितलंय आणि पटलंयही. तरीपण रोज त्या माणसाशेजारी बसून स्वतःची रडकथा लावायची म्हटलं तर जिभेला जडच जातं.

मग तो ऑगस्ट. बाहेरगावच्यांना सांगायला हवं, पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे १९२९ सालचा कृष्णेवरचा पूल. त्यावर पाण्याची उंची फुटात मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. वरच्या कोयना धरणातून किती सोडलं आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती जातंय, हे आमच्याकडं शाळकरी पोरंही सांगतील. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. मी २००५ ची रेघ बघून गिऱ्हाइकांच्या साड्या तिच्या हातभर वरच्या फळीवर चढवल्या आणि निर्धास्त झाले. सगळ्या गावानंच २००५ ला शेवटची रेघ मानलं होतं. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझ्या फळीचा हिशेब पाण्याला कुणी सांगितलाच नव्हता.

ह्यांना खुर्चीत बसवून शेजारच्या वाड्याच्या माडीवर नेलं. तिथं आम्ही एकवीस जण, दोन रात्री, लाइट नाही. खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. अंधारात हे हरिपाठाला लागले. पहिली अर्धी रात्र लोकांनी सोसलं, मग कोपऱ्यातून एक जण ओरडला, "अहो, गप्प करा ना त्यांना!" ह्यांनी हरिपाठ थांबवून त्याला शिवी दिली. आणि मग, खरं सांगते, त्या माडीवर सगळे हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी बोटीतून आलेल्या पोरांनी ह्यांना खुर्चीसकट उतरवलं.

शाळेतल्या निवाऱ्यात पोचल्यावर मी फोनवर भावाला सांगत होते, "देवानं वाचवलं बघ." त्याच दिवशी कळलं, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. आयाबाया, लेकरं गेली. ८ ऑगस्ट होता तो. फोन ठेवल्यावर माझंच वाक्य मला टोचायला लागलं. आम्हाला देवानं वाचवलं, तर मग त्यांना? आमची बोट त्यानं धरली आणि त्यांची सोडली? त्या दिवसापासून मी 'देवानं वाचवलं' म्हणणं सोडलं. आभार मानते, पण हिशेब घालून नाही. दुसऱ्याचं गेलं आणि माझं राहिलं, यावर उभं राहून हात जोडायला मला जमत नाही. मग कशाचे आभार मानते? पाण्याचे, भाकरीचे, ह्यांचा डावा हात चालतो त्याचे, मला सुई दिसते त्याचे. हे पुराआधीही होतं, पुरानंतरही होतं.

दुकान उघडलं तेव्हाचा वास अजून नाकात आहे. त्रेसष्ट साड्या. कृष्णेचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो, वाळला की सिमेंट. आम्ही त्या नऊ दिवस गच्चीवर नुसत्या पाण्यात बुचकळून काढल्या, कारण घासलं तर गाळ सुतात बसतो. इरकलीचा लाल रंग एका नारायणपेठेवर असा उतरला होता की जणू नवा काठ काढलाय. पिकोच्या मशीनची मोटर गेली. काही बायकांनी साडी तशीच नेली, काहींनी "तुमचंच काय कमी नुकसान झालंय" म्हणून विषय काढला नाही. एकीनं पूर्ण किंमत मागितली. तिचं बरोबरच होतं, लेकीच्या रुखवताची साडी होती. चौदा महिने हप्त्यानं दिली.

आणि मग मी तक्रार केली. अगदी भरपूर. येईल त्या गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सगळं, ब्रश पडल्यापासून मोटर जाईपर्यंत. माझी टेपच झाली होती. दिवाळीच्या सुमारास आठवड्यात तीन साड्या परत आल्या, फॉलला चुण्या पडल्यात म्हणून. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. माझी भाची मदतीला यायची, ती म्हणाली, "आत्या, तू पुराचं सांगायला लागलीस की तुझा हात फॉल ओढतो. मी बघते ना रोज." मी पारखून बघितलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. फॉल साडीवर सैल सोडावा लागतो, ओढला की त्या जागेवर धुतल्यावर चुणी येते. सांगता सांगता माझ्या बोटांत तेच सगळं उतरत होतं. ह्यांचा हरिपाठ चालू असेल तेव्हा लावलेला फॉल मात्र सपाट. मी काही फार मोठी भक्त वगैरे नाही. पहिल्यांदा मी धंद्यापायी तोंड आवरलं, हे कबूल करते.

याच दिवसांत एका ओळखीच्या बुवांनी माझं समाधान करायला तुकोबा सांगितले. "बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली." म्हणाले, "बघा वहिनी, देवानं तुमचं भलंच केलं." मला राग आला. तो अभंग मलाही येतो. पण तुकोबांनी ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलंय, शेजाऱ्याच्या दिवाळ्याकडं बोट करून नाही. आणि त्याच दुष्काळाबद्दल त्याच माणसानं "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हेही लिहून ठेवलंय. पहिली बायको होती ती त्यांची. दोन्ही ओळी एकाच तोंडातून आल्या. 'बरें झालें' म्हणायच्या आधी त्यांनी ते मरण झाकून ठेवलं नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. कुणाच्या घरात पाणी शिरलं असेल तर बादली घेऊन जा, हा अभंग घेऊन जाऊ नका. तो ज्याचा त्यानं म्हणायचा असतो, तोही त्याला सुचेल तेव्हा.

मग तक्रार गिळून टाकायची का? आमच्या आत्याबाईंनी कधी गिळली नाही. त्या विठोबाशी भांडायच्या. ह्यांना झटका आला त्या आठवड्यात देव्हाऱ्यासमोर ताम्हन आपटून म्हणाल्या होत्या, "माझ्या पोराची वाचा घेऊन तुला काय मिळालं रं?" जनाबाईनं विठ्ठलाला 'मूळ मायेच्या कारट्या' म्हटलंय, त्या मानानं हे सौम्यच. पूर्ण गाऱ्हाणं झालं की डोळे पुसून निरांजन लावायच्या आणि आरती म्हणायच्या. बाहेर कट्ट्यावर मात्र ब्र नाही. मी एकदा कट्ट्यावर सुरू केलं तर आत बोलावून म्हणाल्या, "ज्याचं गाऱ्हाणं त्याच्यापाशी सांग. गल्लीला सांगून गल्ली काय करणार?" आत्याबाई २०१८ मध्ये गेल्या. पूर बघितला नाही त्यांनी. पण मोटर गेली तेव्हा मी देव्हाऱ्यापुढं बसून त्यांच्याच भाषेत बोलले, ती भाषा इथं लिहीत नाही. बोलून झाल्यावर पोकळ वाटलं. त्या पोकळीत काय म्हणायचं कळेना, म्हणून सवयीनं 'सुंदर तें ध्यान' म्हटलं.

ज्याचं गाऱ्हाणं त्याच्यापाशी, हे मी सरकारदरबारीही लागू केलं. पंचनाम्यात दुकानाचं नाव सुटलं, कारण भाडेपावती पाण्यात गेली होती. एका कार्यालयात मी अकरा हेलपाटे घातले. तिथल्या साहेबांनी एकदा सुनावलं, "काकू, देवाची इच्छा." मी म्हटलं, "देवाचं मी आणि तो बघून घेऊ. तुम्ही शिक्का मारा." पूर आला तो पावसानं आला, मान्य. पण ओत, म्हणजे पाणी वाहून जायच्या सखल जागा, बुजवून वर घरं बांधली ती देवानं नाही बांधली, आणि कुठल्या धरणातून कधी किती सोडायचं हे देव ठरवत नाही. देवाचे आभार मानणाऱ्या बाईनं सगळ्यांनाच माफ करून टाकावं असं लोकांना का वाटतं कोण जाणे. अर्धी भरपाई मिळाली. बाकीचा अर्ज अजून आहे.

आता ओटी. पाणी उतरल्यावर सांगलीत बायका घाटावर जातात, हे नवीन नाही. दुकान धुऊन झाल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "चला." मी रागातच गेले. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, आणि सांगलीचं हळकुंड तर असायलाच पाहिजे. पायऱ्यांवर गाळ होता, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. नदी दूर, खाली, आपल्या जागी, जणू काही झालंच नाही. मी तिला म्हटलं, "काय केलंस गं बाई." एवढंच. मग सुपावरचा खण बघितला आणि आठवलं, ह्याच पाण्यावर ऊस, ह्याच पाण्यावर हळद, हळदीच्या पोत्यांवर ह्यांचा तीस वर्षं पगार, त्या पगारातून माझी पहिली मशीन. आईशी भांडून माहेर सोडतो, तरी येताना तिनं दिलेली पिशवी हातात असतेच की. मी वाकून ओटी सोडली. खण पाण्यावर थोडा वेळ फुगून राहिला, मग वळला आणि कुरुंदवाडच्या दिशेनं गेला. खाली नृसिंहवाडीला हेच पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं, तेव्हा लोक त्याला सोहळा म्हणतात आणि तिथं स्नानाला गर्दी करतात. तिथं दर्शन, इथं पंचनामा. पाणी तेच.

२०२१ च्या जुलैत परत पन्नाशी ओलांडली. या वेळी मशीन आधीच माडीवर नेली होती, साड्या भाचीच्या घरी. पाणी उतरलं, घाटावर गेले. त्या वर्षी रागात नव्हते, नुसती दमले होते.

परवा एक नवी मुलगी आली, लग्न ठरलेली, पाच साड्या घेऊन. रेघा बघितल्या, हरिपाठ ऐकला आणि विचारलंच. मी सुईत दोरा ओवत होते. म्हटलं, "बस, सांगते." तेवढ्यात आतून हे जोरात ओरडले. त्यांच्याकडच्या दोन्हींपैकी काय ओरडले ते मुलीला कळलं आणि ती लाजून हसली. साडेचार वाजले होते, चहा राहिला होता.