न्यूझीलंडचं दक्षिण बेट: भरती, पाऊस आणि वारा बघून आखलेली फेरी

दक्षिण बेटाचा नकाशा पाहिला की अंतरं किरकोळ वाटतात. क्राइस्टचर्चहून पश्चिम किनारा जेमतेम अडीचशे किलोमीटर. मग लोक एका दिवसात दोन-दोन टप्पे कोंबतात आणि तिथल्या पुनाकाइकीला, जिथले पाण्याचे फवारे भरतीलाच उसळतात, नेमके ओहोटीला पोहोचतात. इथलं वेळापत्रक किलोमीटरवर बांधून चालत नाही. आधी भरती-ओहोटीच्या वेळा काढायच्या, पावसासाठी एखादा दिवस मोकळा ठेवायचा आणि मग मुक्काम ठरवायचे.

काळ नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगले: हवा त्यातल्या त्यात स्थिर, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो. विमानतळावर उतरल्यावर सामानातला प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा. ताजी फळं आणि मध काढूनच घेतात. लपवलेला पदार्थ सापडला तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे घरूनच घासूनपुसून न्या, मातीचीही तपासणी होते.

गाडी डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीत छापलेला परवाना चालतो. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग 100, पण घाटात सरासरी साठच्या आसपासच धरा. एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल जागोजागी आहेत. लाल कडेच्या गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं. निळ्या पाटीवर तो मोठा आणि पांढरा असेल तर पुढे जायचा हक्क तुमचा. मागे गाड्या साठल्या तर बाजूच्या थांब्यावर घेऊन त्यांना वाट द्या. डिझेलची गाडी भाड्याने घेताना प्रतिकिलोमीटर रस्ताकर वेगळा लागतो. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं त्याचं कारण हेच.

क्राइस्टचर्चला एक दिवस पुरतो. 22 फेब्रुवारी 2011च्या भूकंपात इथे 185 माणसं गेली. पडझड झालेल्या कॅथेड्रलला पर्याय म्हणून शिगेरु बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून उभारलेलं कॅथेड्रल 2013 पासून खुलं आहे, ते जरूर पाहावं. तिथून आर्थर्स पास (920 मीटर) ओलांडून पश्चिमेला. वाटेत केआ हे डोंगरी पोपट गाडीजवळ येतात. त्यांना खायला घालू नका, आणि गाडी सोडून लांब जाऊ नका: खिडक्यांची आणि वायपरची रबरं ते चोचीने उपटतात.

ग्रेमाउथच्या उत्तरेला 45 किलोमीटरवर पुनाकाइकी. चुनखडीचे थर एकावर एक रचल्यासारखे खडक आणि त्यांच्यातल्या विवरांमधून उसळणारे पाण्याचे फवारे. फवारे हवे असतील तर भरतीच्या आगेमागे तासाभरात पोहोचा, आणि नैऋत्येकडून लाटा येत असतील तर उत्तमच. ओहोटीला फक्त खडक दिसतात. फेरी वीस मिनिटांची आहे, पण तिथे तासभर काढावा.

फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या इतक्या मागे सरल्या आहेत की बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरशिवाय मार्ग नाही. टास्मान समुद्रावरची ओलसर हवा इथल्या सदर्न आल्प्स डोंगररांगेवर चढून ढग बनते, त्यामुळे उड्डाणं वरचेवर रद्द होतात. म्हणून इथे दोन रात्री ठेवा आणि पहिल्याच सकाळचं उड्डाण घ्या. ते रद्द झालं तर दुसरी सकाळ हाताशी राहते. फॉक्सजवळच्या मॅथेसन तलावाचं पाणी कुजलेल्या पानांमुळे गर्द तपकिरी आहे, त्यामुळे आओराकी (माउंट कुक) शिखराचं प्रतिबिंब लख्ख पडतं, पण वारा सुटेपर्यंतच. सूर्योदयाला तिथे असायला हवं. पूर्ण फेरीला दीड तास लागतो.

फॉक्स ते हास्ट 120 किलोमीटर आणि हास्ट ते वानाका 140. या पट्ट्यात मोबाइलला रेंज जवळपास नाही. टाकी फॉक्सलाच भरा, नकाशे आधी उतरवून ठेवा.

मिलफर्ड साउंड ही कड्यांमधली समुद्राची खाडी क्वीन्सटाउनहून एका दिवसात उरकू नका. जाऊन-येऊन आठ तास गाडीतच जातात. त्याऐवजी मिलफर्डच्या 120 किलोमीटर अलीकडे असलेल्या टे आनाउला आदल्या रात्री मुक्काम करा, सकाळची पहिली किंवा दुपारची शेवटची बोट घ्या. मधल्या वेळी क्वीन्सटाउनच्या बसगाड्या येऊन ठेपतात. पेट्रोल टे आनाउलाच भरायचं. होमर बोगदा सव्वा किलोमीटरचा, पलीकडे तीव्र उताराचा. उन्हाळ्यात दिवसा सिग्नलवर एकेरी वाहतूक असते, वीस मिनिटं जाऊ शकतात. उतरताना गिअर खालचा ठेवा. मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या सोबत लागतात आणि हिमकडे कोसळण्याच्या भीतीने रस्ता बंदही होतो.

पाऊस पडतोय म्हणून बोट रद्द करणं हा इथला सर्वांत मोठा तोटा. कायम वाहणारे मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. पावसात मात्र कड्याकड्यावरून शेकडो धारा सुटतात आणि पाऊस थांबल्यावर लवकरच आटतात. सॅंडफ्लाय ही चावरी माशी धक्क्यावर वाटच बघत असते. पिकारिडिनचं (कीटक दूर ठेवणारं) मलम लावा आणि घोटे झाका.

पूर्व किनाऱ्यावर हिशेब उलटा. मोएराकीचे दोन मीटरपर्यंत व्यासाचे गोल धोंडे भरतीत बुडतात, म्हणून ओहोटीच्या आगेमागे दोन तास गाठायचे. डनेडिनजवळच्या टायारोआ टोकावर अल्बट्रॉस बघायला दुपार उतरल्यावर जा. वारा असला की हे जड पक्षी उडतात, वारा पडला की बसून राहतात.

शेवटी आओराकी, 3,724 मीटर. हूकर व्हॅलीची वाट जाऊन-येऊन दहा किलोमीटर, जवळपास सपाट. दुसऱ्या झुलत्या पुलाच्या कामामुळे 2025 मध्ये ती मध्येच बंद केली होती, म्हणून निघण्यापूर्वी निसर्ग संवर्धन खात्याच्या सूचना पाहा. वाट बंद असेल तर टास्मान हिमनदीचं दर्शनस्थळ चाळीस मिनिटांत होतं. या खोऱ्यात गाडीचं दार एका हाताने धरूनच उघडा, वाऱ्याने बिजागऱ्या वाकतात आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते बहुधा धरत नाहीत.

टेकापो या तलावाकाठच्या गावी रात्रीचं आकाश बघायचं तर तारीख अमावास्येच्या आसपासची निवडा. परतीचं विमान सकाळचं असेल, तर मात्र शेवटची रात्र टेकापोला काढू नका: क्राइस्टचर्च 225 किलोमीटर, म्हणजे किमान तीन तास, आणि तेही अंधारात.