जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा का? माझा अनुभव

माझ्याकडे डेलचा लॅटिट्यूड ई६४३० आहे. २०१२ सालचं मॉडेल, आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५-३३२०एम. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे करणाऱ्या एका मित्राच्या कामाचे व्हिडिओ मी काढतो, भोपळा कापण्यापासून घोडीवर जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी) लावेपर्यंत सगळं, आणि सांगलीला घरी आलो की याच लॅपटॉपवर ते जोडतो. तो फारच रेंगाळायला लागला तेव्हा ओळखीतले म्हणाले, "आय७ टाकून घे, पळायला लागेल."

टाकता येईल का, हे नंतर. अडतंय ते प्रोसेसरपाशीच का, हे आधी बघायचं होतं. टास्क मॅनेजर उघडा ठेवून रोजची कामं केली. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत. म्हणजे दोष ५४०० आरपीएमच्या हार्डडिस्कचा. तिच्या जागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, खूप वेगवान डिस्क) घातली, रॅम ४ जीबीची ८ जीबी केली आणि रोजची कटकट मिटली. ज्यांचं काम टॅली, मेल आणि ब्राउझरपुरतं आहे त्यांनी इथेच थांबावं, असं मी मनापासून सांगेन. प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नये.

माझं मात्र एक काम उरलं. व्हिडिओ एक्सपोर्टला (जोडलेल्या तुकड्यांची अंतिम फाइल करायला) लावला की दोन कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), सगळे शेवटपर्यंत १०० टक्के, आणि पंधरा मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास. तापल्यामुळे वेग पडत असेल म्हणून पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. तापमान चांगलं उतरलं, वेळ मात्र जेमतेम कमी झाला. इथे खरोखरच कोर कमी पडत होते.

मग सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो तो खाचा, तपासला. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आरपीजीए ९८८बी दिसलं, म्हणजे पिनांचा, सुटा निघणारा प्रोसेसर. नावाच्या शेवटी 'यू' असलेले प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेले असतात, तिथे विषयच संपतो. इंटेलने लॅपटॉपसाठी सुटे प्रोसेसर चौथ्या पिढीपर्यंतच दिले, आणि चौथ्या पिढीचा माझ्या सॉकेटमध्ये बसतच नाही. याच मॉडेलमध्ये कंपनीने चार कोरचे आय७ दिले होते, त्यामुळे बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तो ओळखेल याची खात्री होती. तरी बायोस आधी अद्ययावत करून घेतलं.

निवडताना सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागला. आय७ म्हटलं की चार कोर असं नाही. ३५२०एम हा आय७ दोनच कोरचा, तो घालून माझ्या हाती काहीच लागलं नसतं. चार कोरचे बहुतेक आय७ ४५ वॅटचे, आणि माझा आय५ ३५ वॅटचा. दहा वॅटची जादा उष्णता जुन्या पंख्यावर टाकायची माझी तयारी नव्हती. म्हणून ३६३२क्यूएम ठरवला: चार कोर, आठ थ्रेड, तरी ३५ वॅट. त्याचा कमाल वेग ३.२ गिगाहर्ट्झ, आय५ चा ३.३. एकाच कोरवर चालणारं काम याने वेगवान होत नाही, हे पैसे देण्याआधी माहीत असलेलं बरं.

हे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. पिना सरळ आहेत ना, हे फोटोत नीट पाहिलं. 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' छापलेले चाचणीचे नमुनेही विकायला असतात, ते टाळले. बसवणं त्यामानाने सोपं: बॅटरी काढायची, मागचं झाकण, हीटसिंक (प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी), मग सॉकेटचा स्क्रू फिरवला की प्रोसेसर अलगद निघतो. नवीन ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा आणि अजिबात दाबायचं नाही.

त्याच व्हिडिओला आता पंचवीस मिनिटं लागतात. ब्राउझर होता तसाच आहे.

विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात, म्हणजे या सॉकेटमध्ये काहीही घातलं तरी ते अधिकृतपणे चालणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि संपादन केडेनलाइव्ह या व्हिडिओ जोडण्याच्या प्रोग्रॅमवर नेलं. एक्सपोर्टच्या वेळी तिथेही आठही थ्रेड पूर्ण वापरले जातात.