गिटमध्ये नसलेली फाइल

आमचं एक छोटंसं पॅकेज एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडची पॅकेजेस जिथून सगळे घेतात त्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर आहे. पत्ता दिला की तो नीट मांडून त्याचे अक्षांश-रेखांश देतं. कंपनीच्या कामातून निघालं, इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून खुलं केलं. त्या सकाळी टीममधल्या एकाने १.४.१ प्रकाशित केली. बदल किरकोळ होता. दुपारी एका अनोळखी वापरकर्त्याचा मेल आला: ‘नव्या आवृत्तीत डॉट-एन्व्ही फाइल दिसतेय. मुद्दाम ठेवलीय का?’

गुप्त सेटिंग्ज ठेवायच्या त्या फाइलमध्ये नकाशासेवेची एपीआय की, म्हणजे ती सेवा वापरायची गुप्त किल्ली होती. खरी, चालू, कंपनी जिचं बिल भरते ती.

‘आवृत्ती काढून टाका’ असा एकच गलका झाला. मी म्हटलं, आधी की रद्द करा. रजिस्ट्रीवर गेलेलं पॅकेज काही मिनिटांत मिररवर, म्हणजे रजिस्ट्रीच्या इतरत्र ठेवलेल्या नकलांवर, आणि लोकांच्या कॅशमध्ये पोचतं. आपल्याकडची प्रत पुसून तिथली पुसली जात नाही. जुनी की बंद झाली, नवी सर्व्हरवर चढली, मग आवृत्ती काढून टाकणारी अनपब्लिशची कमांड दिली. ती चाललीच नाही. प्रकाशनानंतरची ७२ तासांची मुदत अजून होती, पण आमच्यावर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजेस रजिस्ट्रीवर असल्यामुळे परवानगी नव्हती. नियम जाचक वाटतो, पण मला तो पटतो. २०१६च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेले जगभरचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बांधण्याचं काम) कोसळले, त्यानंतर हे नियम कडक झाले. शेवटी १.४.१ वर ‘वापरू नका’ असा डेप्रिकेटचा शेरा मारला. आता ती इन्स्टॉल करणाऱ्याला इशारा दिसतो.

पण फाइल गेली कशी? ‘अरे, ती गिटमध्ये नाहीच!’ असं प्रकाशित करणारा पुन्हापुन्हा सांगत होता, आणि ते खरं होतं. गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन; त्याने कोणत्या फाइली घ्यायच्या नाहीत त्या डॉट-गिटइग्नोअर या यादीत तिचं नाव स्पष्ट होतं. गोम अशी की टेस्टचं फोल्डर वगळायला त्याच आवृत्तीत कुणीतरी डॉट-एनपीएमइग्नोअर ही दोन ओळींची फाइल घातली होती. ती नसेल तर एनपीएम गिटइग्नोअरची यादी पाळतं. ती आली की गिटइग्नोअरकडे बघतच नाही. पॅकेज हलकं करायला घातलेल्या फाइलनेच दार उघडलं. गिटवरचा रिव्ह्यू कितीही बारकाईने केला असता तरी हे दिसलं नसतं, कारण पॅकेज बांधलं जातं ते प्रकाशित करणाऱ्याच्या फोल्डरवरून.

‘एनपीएम पॅक’ ही कमांड ‘ड्राय-रन’ लावून चालवली, तर काय काय जाणार त्याची अख्खी यादी समोर येते. रीडमी, लायसन्स, तयार कोडचं डिस्ट फोल्डर, आणि वरच्या बाजूला निवांत बसलेली ती काही बाइट्सची फाइल.

मग काय वगळायचं याची यादी सोडून दिली आणि पॅकेजची माहिती असलेल्या पॅकेज-जेसन फाइलच्या ‘फाइल्स’मध्ये काय पाठवायचं तेवढंच लिहिलं: डिस्ट. १.४.१ हा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, म्हणून १.४.२ काढली. मेल करणाऱ्याला कळवून आभार मानले.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: ‘की गेली, छान. पण टाइपस्क्रिप्टची टाइप्सची फाइलही गेली, माझा बिल्ड मोडलाय.’ कोडमधल्या माहितीचे प्रकार सांगणारी ती फाइल डिस्टच्या बाहेर होती. रात्री १.४.३ निघाली.