चेहरा नसलेला शेवट

चित्रपट-संकलनाच्या विद्यार्थ्यांना मी एकाच दिवशी दोन ‘स्कारफेस’ दाखवायचे ठरवले होते: सकाळी हॉवर्ड हॉक्स यांचा १९३२ चा कृष्णधवल चित्रपट आणि दुपारी ब्रायन डी पाल्मा यांनी १९८३ मध्ये केलेली त्याची नवी आवृत्ती.

सकाळी विद्यार्थी आधी थोडे हसत होते, पण बोलिंगच्या प्रसंगाला शांत झाले. बोरिस कार्लोफ यांनी रंगवलेला गुंड चेंडू टाकतो, गोळ्यांचा आवाज होतो आणि पडद्यावर दिसतात त्या फक्त कोसळणाऱ्या लाकडी पिना. शेवटची एक स्वतःभोवती गरगरत राहते आणि मग पडते. माणूस मेला हे त्या पिनेवरून कळते. न दाखवता सांगणे म्हणजे काय, हे मला वेगळे समजावावे लागले नाही.

घोटाळा शेवटी झाला. चित्रपटाचा गुंड नायक टोनी पोलिसांच्या गोळ्यांनी रस्त्यावर कोसळण्याऐवजी पडद्यावर न्यायाधीश उपदेश करू लागले आणि पाठोपाठ फाशीची तयारी दिसू लागली. “सर, यात पॉल म्युनी कुठे आहेत?” एका विद्यार्थिनीने विचारले. प्रत आधी तपासायला हवी होती, हे मी तिथेच कबूल केले. सेन्सॉरच्या दबावाखाली चित्रित केलेला तो पर्यायी शेवट होता. टोनीची भूमिका करणारे म्युनी उपलब्ध नसल्यामुळे त्यात नायकाचा चेहरा टाळलेला आहे. त्याच मुलीने पुढे विचारले, “मग पिनेचा शॉट चांगला आणि हा वाईट का? दोन्हींत माणूस दिसतच नाही.” मला पटकन उत्तर सुचले नाही.

ते दुपारी सापडले, तेही मी ज्याला भडक म्हणून थोडा कमी लेखत आलो होतो त्या चित्रपटात. मायामीत एका माणसाला करवतीने कापतात त्या प्रसंगात डी पाल्मांचा कॅमेरा ऐन मोक्याला खिडकीतून बाहेर पडतो, उन्हातल्या रस्त्यावर, गाडीतल्या निर्धास्त मॅनीपर्यंत, म्हणजे नायकाच्या साथीदारापर्यंत, जातो आणि पुन्हा वर येतो. आत काय चालले आहे हे ठाऊक असल्यामुळेच तो रस्ता असह्य होतो. पिना पाहतानाही आपण मनात त्या माणसालाच पाहत असतो. फाशीच्या शेवटात मात्र ज्याच्यासाठी दीड तास जीव टांगणीला लागला, तो टोनीच उरलेला नसतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मूळ शेवट असलेली प्रत शोधून काढली आणि तिच्या डब्यावर ठळक अक्षरांत खूण केली.